अर्जुनराव कोणाकडचे?

कराड,
६ ऑगस्ट २०२४

ती. स्व. भावोजींस,
मधुवंतीचा सा. न. वि. वि.

तुमचा फोन सारखा बंद लागतो, म्हणून शेवटी पोस्टात जाऊन पाकीट मागितले. खिडकीतल्या मुलीने, मी शिलालेख मागितल्यासारखे माझ्याकडे पाहिले.

ताईला जाऊन दोन महिने झाले. जेवता ना, असे विचारले तर ‘योग्य तो आहार घेत आहे’ असे लिहाल. म्हणून काय जेवता ते लिहा, भाजीच्या नावासकट. तुम्ही वरणाला फोडणी घालण्याआधी त्याची परवानगी घेता, असे ताई म्हणायची!

आळंदीला दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा तुम्ही हात जोडून मोठ्याने म्हणालात, की चित्रा, हे घर मी जाऊ देणार नाही. आणि तो शिवला. घर जाण्याचा प्रश्न कुठून आला, हे तिथे विचारवले नाही. आता विचारते. तुमच्या चाकणच्या कंपनीतले ते पांढऱ्या सफारीतले गृहस्थ तेव्हा तुमच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. सगळ्यांना चहाही त्यांनीच दिला. त्यांना अधूनमधून घरी बोलवत जा. सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये आहे, नाहीतर मीच आले असते.

रागावलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

तुमची,
मधुवंती

निगडी,
११ ऑगस्ट २०२४

सौ. मधुवंती यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोहोचले. भाजी दुधीची होती. मीठ घालावयाचे राहिले.

घराविषयी विचारलेत, तेव्हा स्पष्ट लिहितो. चित्राच्या उपचारांसाठी घर तारण ठेवून कर्ज काढले होते. हे घर जाईल, ही एकच चिंता तिने अखेरपर्यंत बोलून दाखविली. पुढे हप्ते थकले, आणि मुदतीत भरणा न केल्यास घराचा ताबा घेऊ, अशी बँकेची नोटीस आली.

अशा वेळी तुमच्या माहेरचे अर्जुनराव धावून आले. घाटावर पांढऱ्या सफारीत होते, ते हेच. ते माझ्या कंपनीतले नव्हेत. माझे शब्द त्यांनी ऐकले होते. जप्ती थांबविणे हेच त्यांचे काम असून बँकेत त्यांची ओळख आहे. त्यांनी शुल्क आगाऊ घेतले. हप्ताही मी आता त्यांच्याच हाती देतो. बँकेशी परस्पर बोलल्यास प्रकरण बिघडते, म्हणून माझे सिमकार्ड त्यांनी आपल्या कार्यालयात ठेवले आहे. येत्या २३ तारखेस दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात त्यांच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून द्यावयाचे आहे. त्यानंतर मला काहीच पाहावे लागणार नाही, असे ते म्हणतात.

ते रोज सायंकाळी येतात. चित्राच्या माणसांनी मला अंतर दिले नाही, याबद्दल आपणा सर्वांचा ऋणी आहे.

सासूबाईंना नमस्कार सांगावा.

आपला,
मुकुंद

कराड,
१७ ऑगस्ट २०२४

ती. स्व. भावोजींस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळताच तुमच्या सोसायटीच्या वॉचमनला फोन लावला. साहेबांनी फोनवर न बोलण्याचा शब्द दिला आहे, असा निरोप त्याने आणला. धन्य तुमची! म्हणून हे स्पीड पोस्टाने पाठवते.

भावोजी, आमच्याकडे अर्जुनराव नावाचे कोणीही नाही. काकांना विचारले, मावशीला विचारले. आम्ही सगळे त्यांना तुमच्याकडचे समजत होतो आणि तुम्ही आमच्याकडचे. दहाव्याला आलेल्या माणसाला आपण कोण, असे कोण विचारणार? आता आठवते, आपल्याआधी पलीकडे ज्यांचा विधी चालला होता, त्यांनाही तो असाच चहा देत होता. मला वाटले, किती माणुसकी. घाटावर माणसे मनातले मोठ्याने बोलतात, हे त्याला पक्के ठाऊक असणार.

त्या कागदावर सही केलीत, तर तुमचे घर तो परस्पर विकू शकेल. शब्दाचे पक्के आहात ना? मग ताईला दिलेला शब्द आधीचा आहे. दिलेले पैसे गेले तर गेले. सही करू नका आणि बँकेत स्वतः जा. हवे तर माझ्याशी जन्मभर बोलू नका, पण एवढे ऐका.

तुमची,
मधुवंती

निगडी,
२८ ऑगस्ट २०२४

चि. सौ. मधुवंतीस,
अनेक आशीर्वाद.

तुमचे पत्र प्रथम वाचले तेव्हा मला तुमचाच राग आला. सायंकाळी अर्जुनराव नेहमीप्रमाणे आले. चहा पुढे ठेवून मी विचारले, की चित्राचे आपण नेमके कोण. मामेभाऊ, असे ते म्हणाले. मग तिच्या आजोळच्या गावाचे नाव विचारले. त्यांनी मोबाईलकडे पाहिले, काम निघाल्याचे सांगितले आणि कप तसाच ठेवून ते गेले. ते पुन्हा आले नाहीत. २३ तारखेस मी घरीच होतो.

पोलिसांत तक्रार दिली आहे. बँकेतही जाऊन आलो. अर्जुनरावांमार्फत एकही हप्ता जमा झालेला नाही. तेथील अधिकारी बाईंनी माझे म्हणणे लेखी घेतले. शिल्लक होती त्यातून काही भरणा केला असून उरलेल्या थकबाकीचे हप्ते बांधून मिळाले आहेत. ते नियमित भरल्यास घर राहील. चित्राला तसे सांगितले आहे.

एक गोष्ट लिहावी की न लिहावी, या विचारात दोन दिवस गेले. चित्रा गेल्यापासून लोक माझ्यासमोर तिचे नाव काढीत नाहीत. त्यांचा हेतू चांगलाच असतो. ते गृहस्थ मात्र रोज तिच्याविषयी विचारीत. तिला कोणते फूल आवडे, ती रागावली म्हणजे काय करी, गात असे का. त्यांचे विचारणे खोटे होते, हे आता मान्य केलेच पाहिजे. परंतु उत्तरे मी खरी देत होतो. अजूनही सायंकाळी आधणात दोन कप पाणी पडते.

सासूबाईंचे प्लास्टर निघाले, की चार दिवस यावे. आपण कोणाकडच्या, असे मी दारातच विचारीन. राग मानू नये. उत्तर मात्र सविस्तर द्यावे.

आपला,
मुकुंद