ढब्बूचं डोकं

ता. ९ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पेन्सिल, रंग, पुठ्ठ्याचे ठोकळे असं सगळं थोडं थोडं चाखून आमचं कला महाविद्यालयाचं पहिलं वर्ष आता मातीवर आलंय. सरांनी माणसाचं डोकं करायला सांगितलं. मी मैत्रिणीला समोर बसवलं, पण दुपारपर्यंत नाक ढब्बूचं झालं होतं. सरांनी हा कोण विचारलं, तर मी धाकटा भाऊ म्हणाले. आहे की होता, ते काही बोलले नाही.

आता थांबवत नाही. पण माझ्याकडचे त्याचे सगळे फोटो समोरून काढलेले आहेत. मागून त्याचं डोकं कसं होतं गं? तू इतकी वर्षं न्हाऊ घातलंस त्याला. रागावलीस तरी चालेल, पण लिही.

तुझी,
मोठी

ता. १७ फेब्रुवारी

चि. मोठीस,
अ. आ.

रागावले. दोन दिवस कुणाशी बोलले नाही. बाबांनी विचारलं तर दाढ दुखते म्हणून सांगितलं. तीन दिवसांच्या तापात पोर गेलं, तेव्हापासून या घरात त्याचं नाव निघत नाही, हे तुला माहीत आहे. तरी विचारलंस.

मागून डावीकडे चपटं होतं. तान्हा असताना एकाच कुशीवर झोपायचा, दुसरीकडे वळवला की भोकाड. दोन भोवरे होते. उजवा कान जरा बाहेर. मान बारीक; गणवेश शिवताना त्याची कॉलर मी नेहमी आत घ्यायचे. असल्या काडीला ढब्बू नाव कुणी ठेवलं, तर तूच.

हसरा करू नकोस. हसताना कसा दिसायचा ते मला नीट आठवत नाही, आणि चुकीचं हसू मला बघवणार नाही.

आशीर्वाद आहेतच,
आई

ता. ३ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

डावीकडे चपटं केलं आणि तो एकदम आलाच. सोबत फोटो पाठवतेय.

भाजायचं तर डोकं आतून पोकळ करावं लागतं. तारेनं टाळू कापायची, आतली माती कोरून काढायची, पुन्हा जोडायची. माझा हात धजेना. सरांनी कापलं, मी बाहेर जाऊन उभी राहिले. वर्षअखेरीच्या प्रदर्शनात कच्चंच ठेवू, पूर्ण वाळल्यावर भट्टीत घालू, असं सर म्हणतात. फोटो बाबांना दाखवायचा की नाही, ते तू ठरव.

जेवणात हयगय करत नाही, काळजी नको.
मोठी

ता. १० मार्च

चि. मोठीस,
अ. आ.

दाखवला. ड्यूटीवरून आले होते, बूटही काढले नव्हते. फोटो घेऊन खिडकीशी बसले. तिथूनच विचारलं, केवढं आहे. खऱ्याएवढंच, म्हटलं. मग म्हणाले, आपण आणू या.

प्रदर्शनाच्या रविवारची रजा टाकली त्यांनी. त्याला न घेता दवाखान्यातून परत आलो, त्यानंतरची ही पहिली रजा. कच्चं प्रवासात फुटेल ना? मग तेवढं आधी भाजून ठेव. मांडीवर घेऊन बसणार आहेत म्हणे. इतकी वर्षं बस चालवलीत, एकदा बसून बघा, म्हटलं मी. हसले गं.

वाट बघतोय,
आई

ता. २५ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुम्ही येऊ नका.

माती अजून ओली आहे, आठवडाभर थांब, असं सरांनी सांगितलं होतं. गालाला लावून बघितली तर गार लागत होती. गार म्हणजे आत पाणी, आणि भट्टीत त्याची वाफ होऊन माती फुटते. तरी मी हट्टानं भट्टीत घालायला लावलं. संध्याकाळी आतून आवाज आला. आज उघडली तर हनुवटीखालची मान तेवढी उभी होती. बाकीचे तुकडे वर्गातल्या शेजारणीच्या भांड्यांत घुसले होते; तिचीही दोन फुटली.

बाबांना कसं सांगायचं, मला कळत नाही.

मोठी

ता. २८ मार्च

चि. मोठीस,
अ. आ.

मीच वाचून दाखवलं. त्यांनी इस्त्रीचा सदरा घडी करून परत ठेवला आणि ड्यूटीवर गेले. रविवारची घाई आमची होती, ते तू कुठे लिहिलं नाहीस. मला वाचता येतं.

रात्री म्हणाले, तुकडे टाकू नको म्हणावं, मी जाऊन आणतो. मी म्हटलं, या घरात ते यायचे नाहीत. दीड वर्षात पहिल्यांदा भांडलो. त्याचं नाव दोघांनीही घेतलं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

पुन्हा करू नकोस. तुला जमेलही, मला नाही जमायचं.

बाबा उद्या एकटे येताहेत. हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे, ते उघडायचे नाहीत. तुकडे मागतील. द्यावेसे वाटले तर दे. फक्त कुठला तुकडा कुठे बसतो, ते सांगू नकोस. ते जोडत बसतील, आणि मी त्यांना उठवू शकणार नाही.

तुझ्यावरची माया आहे तेवढीच आहे,
आई