दहाव्याची विडी

१२ ऑक्टोबर २००४, पौड

—शेवटी गेणबाच्या हातातून बंडल ओढूनच घ्यावं लागलं. ही शेवटची, म्हणत होता. गेल्या मंगळवारीही शेवटचीच होती. उजव्या पायाचा अंगठा काळा पडलाय. विडी सुटली नाही तर पाय कापावा लागेल, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आणि हा हसतो!

मी चालवते त्या व्यसनमुक्ती गटातल्या आठही जणांनी आज विडी सोडायची होती. आपलं बंडल जोडीदाराकडे द्यायचं. तलफ आली की त्याच्याकडे जायचं, त्याने बोलण्यात वेळ काढायचा. गेणबाचा जोडीदार कोंडिबा. धरणात दोघं एकाच होडीतून जाळं टाकतात. कोंडिबा म्हणाला, "ह्येचं बंडल माज्या बायकूकडं, सगुणाकडं ऱ्हाईल. तिला लई भितोय त्यो."

१९ ऑक्टोबर

गेणबा-कोंडिबाचे सात दिवस कोरडे. बाकीच्यांतले तिघं पुन्हा ओढतात. बडीशेप चघळत येतात आणि तोंडावर खोटं बोलतात. मला काय वास येत नाही?

२६ ऑक्टोबर

कोंडिबा गेला. होडी काठाला ओढताना छातीत कळ आली.

२७ ऑक्टोबर

वाडीत म्हणतात, विडी सोडली म्हणून गेला. चाळीस वर्षं ओढली त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. चौदा दिवस ओढली नाही, त्यानेच मेला म्हणे! मी कुणाकुणाशी भांडू?

४ नोव्हेंबर

कोंडिबाचा दहावा. मी वर रस्त्यावर उभी. खाली पाण्याच्या कडेला पिंड. तास झाला, कावळा शिवेना. पोरांना सांभाळू, असं भावकीने सांगून पाहिलं. मग कुणीतरी म्हणालं, त्याची विडी राहिली.

कोंडिबाचं बंडल होतं गेणबाकडे. मीच ठेवायला लावलेलं.

माणसांच्या पाठीआड काय चाललंय दिसेना. मग गेणबा पुढे आला, बोटांत पेटलेली विडी. पिंडाशी ठेवली. कावळा शिवला.

मी उतरले. सगळ्यांदेखत बोलले. तेवीस दिवस एका झुरक्यात घालवलेस. तुला पाय नकोच आहे. मेलेल्या माणसाचं निमित्त केलंस. सगुणाबाई मध्ये काही सांगू लागली, तिलाही गप्प केलं. एक म्हातारा म्हणाला, "बाई, दहाव्याला आलाया का साळा घ्यायला?"

बोलले ते बरंच झालं. गोड बोलून आजवर काय मिळालं?

५ नोव्हेंबर

सकाळी सातच्या एसटीने सगुणाबाई आली. तेराव्याच्या आधी, सुतकात स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडून.

"विडी म्या पेटिवली, बाई. त्यो तोंडाला लावीना. वयनी, तूच लाव म्हणला. मला ठसका लागला. त्येनं निस्ती नेऊन ठिवली."

तिनेच सांगितलं, गेणबा घरीच आहे. काल मी वाडीतून निघाले तेव्हापासून ओढतो आहे.