धुतलेलं लुगडं

येसू, तुला अक्कल कधी येणार? झोळीसाठी सूनबाईच्या अंगावरचं लुगडं बांधून दे म्हटलं, तर तू ते साबण लावून धुऊन दिलंस! आईचा वास गेला नि भिवा बोटीत हर्णैपासून रडत सुटला.

आता जय भीम. पोरांना घेऊन सुखरूप पोचले. माझा लेक कोंडीराम धक्क्यावर आला होता. परळला त्याच्या खोलीत बरे आहोत.

भिवाला गप्प केलं ते तानीने. अडीच वर्षांची पोर, आईच्या चोळीचं फडकं मुठीत धरून बसली होती. आपणहून तिने ते झोळीत टाकलं. मग बोट डुलतेय, झोळी डुलतेय, पाण्यावर ऊन डुलतंय. माझाही डोळा लागला. वाटलं, सूनबाई बकुळाच झोके देतेय. जागी झाले तर दोरी तानीच्या हातात. "आजे, नीज तू," म्हणाली.

भिवा आता बाटलीने दूध पितो. खालून मोर्चे जातात, ते ऐकून तानी भूक लागली की "झालाच पाहिजे" म्हणून ओरडते. फडकं मात्र परत मागत नाही. निजताना नुसती मूठ वळते.

बकुळेच्या अंगात रक्त भरतंय का? उठून बसते का? मला लुगडं हवंय म्हणून विचारतेय मी. तिने चार दिवस नेसलेलं, न धुता पाठव.

तुझी थोरली, जाई

उत्तर तू लिहू नकोस, तू सगळं गोडच लिहिशील. कोऱ्या कार्डावर बकुळेने स्वतः अंगठा उठवायचा. विळ्याचा वण आहे त्याच्यावर, मी ओळखते.