काशप्पाच्या ग्लासातला माझा चहा

११ जानेवारी, रविवार

अप्पा आले — पाण्याची कॅन घेऊन! चिंताकीहून गुलबर्ग्यापर्यंत दोन बस बदलल्या, पाच लिटर पाणी मांडीवर! शिवाय मायनं बांधून दिलेल्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. महिनाभर माझ्याकडं राहणार, पण माझ्या घरचं काही खाणार नाहीत, पिणार नाहीत. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरच्या पाण्याला तोंड लावायचं नाही — जुनी रीत. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. हल्ली कोण पाळतं हे? चुलत्यांनी त्यांच्या लेकीच्या घरी दुसऱ्याच महिन्यात पुरणपोळ्या हाणल्या!

तरी दारातच विचारलं, “अप्पा, चहा टाकू?”

“नगं. खाली गाडा हाय न्हवं?”

घसा बसलाय, आवाज अगदी सुतासारखा. पण “नगं” तेवढं ठणठणीत.

१३ जानेवारी, मंगळवार

घशाची गाठ. पंचवीस दिवस रेडिएशन — वॉर्डात सगळे त्याला करंटच म्हणतात. आज दुसरा झाला. वजन एक्कावन्न.

डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. घसा आतून सोलपटणार, गिळवणार नाही. दुधाचं, मऊ, गोड, काहीही चालेल, पण पोटात गेलं पाहिजे. वजन सत्तेचाळीसच्या खाली उतरलं तर करंट थांबवायचा आणि नाकातून नळी घालायची. करंट मध्येच थांबला तर गाठीला रान मोकळं.

अप्पा पंख्याकडं बघत बसले होते. जसं काही हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ वळला, अगदी मऊ. म्हटलं, सणाचं आहे, नाही म्हणणार नाहीत. हातात घेतला. मला वाटलं, खातात! तर कमरेची चंची सोडली आणि तिच्यात ठेवून दिला. तंबाखू बंद झाल्यापासून चंचीत नुसता अडकित्ता असतो. त्याच्या शेजारी माझा तिळगूळ!

“मूल नाही म्हणून एवढी शिक्षा?” — अगदी ओठांवर आलं होतं. आवरलं.

कारण मूल होणारच नाही. चार वर्षांपूर्वी सोलापुरात पिशवी काढली माझी. गावाकडं सांगितलं, अपेंडिक्सचं ऑपरेशन. खरं काय ते मला आणि अमरेशला, दोघा नवरा-बायकोलाच ठाऊक. अप्पा ज्याची वाट बघत कॅनमधलं पाणी पितात ते कधी येणार नाही, हे मला माहीत आहे, आणि सांगायची छाती होत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

वजन साडेएकोणपन्नास.

भाकरी पाण्यात कुस्करून पितात. घोट उतरताना डोळे मिटून घेतात. गाड्यावरचा काशप्पाचा चहा म्हणजे आलं आणि मिरीचा जाळ! माझं शिलाई मशीन खिडकीपाशी आहे, तिथून सगळं दिसतं. आज दुसऱ्याच घोटाला ठसका लागला. ग्लास तसाच ठेवून दिला. घरी वर दूध आहे, साय आहे, वेलदोडे आहेत — आणि माझा बाप खाली बाकड्यावर उपाशी!

दुपारी खाली गेले. काशप्पाला म्हटलं, “उद्यापासून चहा मी आणून देते. तू फक्त तुझ्या ग्लासात ओतून त्यांना दे.”

त्यानं कपाळाला हात लावला. “अक्का, म्हाताऱ्या माणसाला फसवायचं व्हय? पाप हाय की त्ये.”

“पाप माझ्या नावावर. तू ओत.”

२० जानेवारी, मंगळवार

अप्पा आंघोळीला गेले तेवढ्यात उरकलं. दूध आटवून घट्ट केलं, चहापत्तीचं पाणी वेगळं दमावर ठेवलं, मग दोन्ही एकत्र. इराणी हॉटेलात करतात तसं. आलं नाही, मिरी नाही. थर्मास ओढणीखाली लपवून चोरासारखी जिना उतरले. स्वतःच्या घरातून, स्वतःच्या बापासाठी!

मग खिडकीत. अप्पांनी पहिला घोट घेतला आणि थांबले. ग्लासात वाकून बघितलं. संपलं, म्हटलं! — दुसरा घोट. तिसरा. सगळा प्यायले! तीन उस्मानिया बिस्किटं बुडवून खाल्ली!

वर आल्यावर म्हणाले, “काशप्पाचा हात आज बरा पडला.”

मी मान खाली घालून सुईत दोरा ओवत राहिले. सुईचं नाक सापडेना.

२२ जानेवारी, गुरुवार

गवती चहा, त्यात ज्येष्ठमधाची कांडी. सोबत उरुसात मिळतो तसला खाजा, दुधात भिजवून लुसलुशीत केलेला. काशप्पाला पढवलं होतं, “पाव्हण्यानं दिलाय” असं सांग म्हणून. पण तो खोटं बोलायला लागला की कानडीत शिरतो. अप्पांना कानडी माझ्यापेक्षा चांगली येते! नशीब, जास्त विचारलं नाही.

२४ जानेवारी, शनिवार

अक्कल गहाण ठेवली होती मी. रोज दूध नको म्हणून सुलेमानी केला — आणि वर लिंबू पिळलं! सोललेल्या घशावर लिंबू! अप्पा गाड्याचा दांडा धरून वाकले. बाकड्यावर बसले ते उठेनातच. मी जिन्यापर्यंत धावले आणि थांबले. माफी कशाची मागणार? चहा तर काशप्पाचा!

२८ जानेवारी, बुधवार

वजन पन्नास! डॉक्टरबाई खूश. “काय देताय यांना?”

“हाटेलातला च्या,” अप्पांनीच सांगितलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरचा तक्ता वाचत होते.

आज मालपुरी पाठवली. आत खवा, बाहेर पाक, चमच्यानं तुटते. चहाच्या गाड्यावर मालपुरी! शेजारी दोन रिक्षावाले उभे होते, आम्हालाही द्या म्हणाले. काशप्पा म्हणाला, “संपली.” मुळात एकच होती.

नंतर मला खाली बोलावून म्हणाला, “अक्का, लोक मला नावाजायलेत. मला लाज वाटायलीय.”

३१ जानेवारी, शनिवार

अप्पा आज आपण होऊन बोलले. “त्या काशप्पाकडनं च्या शिकून घे की. लग्नाआधी तू करायचीस, तसला करायलाय अलीकडं.”

हसू आलं. मग मोरीत जाऊन रडले.

२ फेब्रुवारी, सोमवार

सगळं फसलं.

शेंगापोळी होती आज, तिच्याबरोबर गुळाचा चहा. चहा उतरवल्यावर गूळ टाकला, आधी टाकला तर दूध फाटतं. आणि हात सवयीनं मिठाच्या बरणीत गेला! गुळाच्या चहात माय मिठाचा एक खडा टाकते. गूळ त्यानं खुलतो म्हणते. लहानपणापासून बघितलंय, हातानं केलं, डोक्याला पत्ता नाही.

अप्पांनी एक घोट घेतला. ग्लास खाली ठेवला. आणि वर बघितलं — सरळ माझ्या खिडकीत.

जिना चढून आले. धाप लागली होती. “किती दिस झाले?”

“कशाला, अप्पा?”

“शिवे, गुळाच्या च्यात मीठ तुझी माय टाकती. गुलबर्ग्यात कोण टाकतंय?”

“चौदा दिवस.”

ओरडले असते तर बरं झालं असतं. खाटेवर बसले, मोबाईल काढला, चिंताकीला लावला. मायला एवढंच म्हणाले, “आगं, नवस मोडला माझा.”

नवस? कसला नवस?

३ फेब्रुवारी, मंगळवार

अप्पा करंटला आत गेल्यावर दवाखान्याच्या व्हरांड्यातून मायला फोन केला. आधी रडली. मग सांगितलं.

“तुझं पहिलं पोर पोटातच गेलं न्हाई का, नऊ वर्सं झाले. त्याच्या दुसऱ्याच दिशी ह्ये मैलारला गेले. मल्लण्णाम्होरं भंडारा उचलून बोलले — लेकीच्या घरी पाळणा हलल्याबिगर तिच्या घरचं पानी पिनार न्हाई. बाकीचे लोक रीत म्हनून पाळत्यात. ह्ये देवाला बोलून बसले.”

“मला कामून सांगितलं न्हाई?”

“तुला सांगितलं तर तुलाच भार हुईल म्हनले.”

नऊ वर्षं मला वाटत होतं, अप्पा मला कमी लेखतात. ते माझ्यासाठीच तहानलेले होते! आणि मी त्यांना फसवून देवासमोर खोटं पाडलं. शरम वाटते. आणि रागही येतो, खोटं कशाला बोलू? नवस माझ्या पोटाचा, आणि मला कुणी विचारलं नाही!

४ फेब्रुवारी, बुधवार

गाड्यावर जाणंही बंद. काशप्पा खालून दोनदा हाका मारून गेला. कॅन दवाखान्याच्या नळावर भरून आणतात, त्यात भाकरी कालवतात, चार घोट घेतात, भिंतीकडं तोंड करून पडतात. दिवसभरात एकच वाक्य — “आता तुझं काय बरंवाईट झालं तर त्यो दोष माझा.”

५ फेब्रुवारी, गुरुवार

अमरेश म्हणाला, सांगून टाक.

मी म्हटलं, ऐकून हाय खातील, करंट अर्धा टाकून गावाला निघून जातील.

“नाहीतर इथं तुझ्या डोळ्यांदेखत उपाशी मरतील. बघवेल का तुला?” असं टोचून तो कधी बोलत नाही. बोलला, आणि स्वतःच गॅलरीत जाऊन बसला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सत्तेचाळीस किलो दोनशे ग्रॅम. काट्यावर दोनदा उभं केलं, तरी तेवढंच.

डॉक्टरबाई म्हणाल्या, सोमवारी पुन्हा बघू. याच्याखाली गेलं तर करंट बंद. आणि करंट सहाच उरलेत! सहा!

७ फेब्रुवारी, शनिवार

आज सांगणार होते. तीनदा खाटेपाशी गेले. तीनदा चादर नीट करून परत आले. भित्री आहे मी.

८ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

अमरेशला मुद्दाम बाजारात पाठवलं. खाटेसमोर जमिनीवर बसले. पाठ केलेलं सगळं विसरले. नुसतं म्हटलं, “अप्पा, माझ्या घरी पाळणा हलायचा न्हाई. चार वर्साखाली त्ये अपेंडिक्स नव्हतं. पिशवी काढलीय माझी.”

ऐकू गेलं नाही की काय, असं वाटलं.

“कामून काढली?”

“रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर म्हणले, पिशवी ठिवली तर जीव जाईल.”

“मरायला टेकलीवतीस?”

“व्हय.”

“जवळ कोण व्हतं?”

“हे व्हते.”

“माय न्हाई. मी न्हाई.” मग म्हणाले, “लई दुखलं का गं?”

चार वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. कोण विचारणार, कुणाला सांगितलंच नव्हतं! मी त्यांचे पाय धरले. त्यांनी टॉवेल तोंडावर ओढून घेतला. आवाज नव्हता, खांदे तेवढे हलत होते. अप्पांना रडताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

दिवसभर काही घेतलं नाही. पाणीसुद्धा. कॅन भरलेली तशीच. उद्या दहा वाजता वजन.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सहा वाजता अप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे. अकरा वर्षांत त्या उंबऱ्यापर्यंत आले नव्हते.

“च्या टाक. गुळाचा.”

“आन नवस, अप्पा?”

“मी पाळणा मागायलोतो, मल्लण्णानं लेक राखली. मला कुणी सांगितलंच न्हाई, म्हनून कळलं न्हाई. त्यो नवस मोडला न्हाई शिवे, चार वर्साखालीच फिटलाय.”

जमिनीवर बसले. चंची सोडली. संक्रांतीचा तिळगूळ दगड झाला होता. अडकित्त्यानं फोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला, अर्धा चहात सोडला. विरघळेपर्यंत चमच्यानं ढवळत राहिले. मग एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

“मीठ इसरलीस.”

खडा टाकला. सगळा प्यायले. रिकामा ग्लास पुढं केला — “आनखी हाय का?”