पुस्तकात ‘आहे’ असतं

सोम. ८ डिसें.
सातवीत कादंबरी पुढे. गोष्टीतल्या चिमीचा भाऊ नदीत बुडाला, अंथरुणाला खिळलेल्या आईला कुणी सांगितलेलं नाही. चिमीने सांगावं? ‘हो’ म्हणणारे खिडकीच्या भिंतीला, ‘नको’वाले दाराकडे. वर्ग धावला. मनाली बाकावरच. म्हणे, "बाई, दोनी भिंती लांब हायत."
‘आहेत’ म्हण, मी सवयीने. पोरं हसली. मीही.

मंगळ. ९
शाळेतल्या मावशींकडून कळलं. मनालीचा बाप गणपतीनंतर समुद्रावर गेला. बोट परत आली, तो नाही. त्याच्या म्हाताऱ्या आईला दिसत नाही. तिला सांगितलंय, गुजरातच्या बोटीवर कामाला आहे. पोर रोज आजीशी हे खोटं बोलते आणि मी तिला भिंत निवडायला सांगते! शाळा सुटल्यावर तारापूरहून घरी येताना रिक्षात रडूच आलं.
शेवटचं प्रकरण राहिलंय. त्यात चिमी सांगून टाकते. वर्गात वाचवेना.

गुरु. ११
मनालीने पुस्तक घरी न्यायला मागितलं. "आजीला गोष्ट आवडते." नको म्हणणार होते, पण काय कारण देणार... दिलं.

शनि. १३
शाळा सुटल्यावर मनाली पुस्तक परत द्यायला थांबली. "मी शेवट बदलला, बाई. पोरगा घरी येतो असा वाचला."
बरं केलंस, म्हणाले. (आणि फळ्यावर सुविचार लिहायचे सत्याचे!)
पण आजीने पकडलं. ‘तो जिवंत हाय’ असं हिच्या तोंडून गेलं. आजी म्हणाली, "पुस्तकात ‘हाय’ नसते, ‘आहे’ असते. तुजी बाई सांगते ना? मग हा कोणी लिवला?"
मग स्वतःच म्हणाली, "रविवारी बाईंना बोलव. त्या लिवलाय तेच वाचतील."
माझ्याच एका शब्दाने घात केला.

रवि. १४
सकाळी मनालीच्या आईचा फोन. रडत होती. "तुमी काय वाचाल ते वाचा, बाई. मला तर बोलवत नाय."
पान उघडून मोठ्याने वाचून पाहिलं. ‘आई, तो आता नाही.’ ‘नाही’वर अडखळले. मग पुस्तक मिटून म्हणून पाहिलं, ‘आई, तो जिवंत आहे.’ न अडखळता. अगदी शुद्ध. आजीला कळायचं नाही.
सरावली नाक्यावर तारापूरची रिक्षा मिळाली. पुस्तक पिशवीत आहे.