गिनती सात

२४ नोव्हेंबर २०२५, अमरावती

बाबांना जाऊन चार दिवस. येईल तो विचारतो, "कसं काय झालं?" मी सांगते, एकोणऐंशी झाले. शेजारच्या काकू हिरमुसल्या – त्यांना सविस्तर हवं होतं.

तेरवीला बोलायचं काम माझ्याकडे. धाकटा शेखर म्हणाला, "ताई, तू पेपरात साऱ्या गावाची बिनपान्यानं हजामत करतं. आता बाबाची कर."

२६ नोव्हेंबर

विषय सापडला. गिनती!

एकाहत्तरची लढाई संपली, पण बाबांची पलटण घरात चालूच राहिली. रोज संध्याकाळी सातला हजेरी. आई एक, शेखर दोन, भावजय तीन, त्यांची लेक आचल चार, मी अकोल्याहून फोनवर पाच. बाबा स्वतः सहा. आणि मग, दम घेऊन, "सात. सब हाजिर."

माणसं सहा, गिनती सात! "बाबा, एक जास्त हून राहिला," म्हटलं की म्हणायचे, "कमी तं नाही ना?"

लिहिलं – फौजेनं बाबांना बंदूक दिली, पाढे द्यायचे राहून गेले. शेखर पोट धरून हसला.

२८ नोव्हेंबर

भावजय म्हणते, भाषण लांबलं तर वरण थंड होईल. समीक्षक घरातच आहेत.

३० नोव्हेंबर

बार्शीटाकळीहून सुखदेवकाका आले. बाबांच्या पलटणीतले. मी हौसेनं पाढ्यांचा विनोद ऐकवला. हसले नाहीत.

"सात जन गस्तीले गेलो होतो, बाई. परतल्यावर नत्थूनं, तुह्या बाबानं, गिनती घेतली. सहाच. गुलाब तिकडंच राहिला. नत्थूनं त्याचाबी नंबर बोलला अन् म्हने, सब हाजिर. साहेबानं टोकलं नाही."

आईला विचारलं, तुला माहीत होतं?

"लग्न झालं त्याच वर्षी सांगतलं त्यायनं."

मग आम्हाला का नाही?

"तुमी हसाचे, ते त्यायले बरं वाटे. गुलाब लय हसरा होता म्हनत."

भाषणाचा कागद समोर. काट मारायला पेन उचललं, ठेवलं. तीनदा.

२ डिसेंबर

तेरवी झाली. विनोद ठेवला. त्याच्या मागोमाग गुलाबचं सांगितलं. मंडप खदखदून हसला आणि मग कोणी खोकलंसुद्धा नाही.

वरण थंड झालं. भावजयीनं कुरकुर न करता पुन्हा गरम करायला ठेवलं.

५ डिसेंबर, अकोला

सातला फोन वाजला. आईनं गिनती धरली. एक. मग दोन, तीन, चार. माझा पाच.

पुढे कोणी बोलेना.

आईच म्हणाली, "सहा. सात. सब हाजिर."