दुसरा पाय

५ जुलै

चि. भोंग्यास,

अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा उधार. शिट्टी काढून तू बॅगेत ठेवलेली पिपाणी पहिल्याच सकाळी मैदानावर वाजली. घरी आले की बघते तुझ्याकडे.

इथे आम्हा जुन्या पोलिसांना प्रशिक्षक बनवतात. नव्या भरतीला शिकवायचं कसं, ते शिकवतात. परवा माझा पाठ होता, जखमीचं रक्त थांबवायचा. झकास बोलले. शेवटी विचारलं, समजलं का? समोरच्या नव्या भरतीचा सगळा वर्ग एका दमात ‘हो मॅडम’. मग परीक्षक बाईंनी एकाला उठवून पट्टी बांधायला सांगितली. ती त्याच्या हातातच सुटली. दुसऱ्याचीही तीच गत. बाई म्हणाल्या, वरिष्ठाला ‘नाही’ म्हणायची या खात्यात कुणाची छाती नाही, आणि रस्त्यावर साहेब चुकला नि कुणी बोललं नाही तर माणूस जातो.

शनिवारी दुसरी संधी, आणि जखमी म्हणून झोपायला दर वेळी बाहेरचं माणूस आणावं लागतं. हुकली की परत ठाण्यात. दोन वर्षं या कोर्ससाठी अर्ज करत होते रे. आईला सांगू नकोस.

तुझी,
ताई

८ जुलै

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार, पिपाणीसकट.

‘समजलं का’ विचारतेस? अगं, मी शाळेत सगळी वर्षं ‘हो सर’ म्हणत काढली, निकाल तुला ठाऊकच आहे. आताही गॅरेजात काका विचारतात, कळलं? मी हो म्हणतो आणि नट उलटा फिरवतो.

माझं ऐक, विचारूच नकोस. मुद्दाम चूक कर आणि गप्प बस. आमच्या गणिताच्या सरांचं फळ्यावर चुकायचं, तेवढाच वेळ अख्खा वर्ग जागा असायचा.

आणि जखमी म्हणून मला झोपव. दर वेळी बाहेरचं माणूस लागतं म्हणालीस ना? कण्हायला मी एक नंबर आहे. रक्तासाठी सॉस आणतो. पँटचं आईला तू सांग.

माया असू दे, कान शाबूत असू दे.

तुझा,
भोंगा

१५ जुलै

चि. भोंग्यास,

आशीर्वाद, आणि धपाटा माफ.

पास झाले. पुढच्या महिन्यापासून इथेच शिकवायचं. बाईंनी पाठीवर हात ठेवला.

पण तुझं काय झालं? एक चेष्टा नाही, साहेबांच्या खुर्चीवर सॉस नाही, पाठ संपताच गुपचूप गाडीत बसून निघून गेलास. बरं वाटत नाहीये का? की फार आवळली गेली पट्टी? लगेच कळव, जीव लागून राहिलाय.

ताई

१९ जुलै

ती. ताईस,

सा. नमस्कार. तब्येत ठणठणीत.

खरं सांगू? मला वाटलं, तू गाठ ढिली मारशील. तू तर सॉस लावलेला पाय सोडून दुसराच बांधायला घेतलास. म्हटलं, गेली आमची ताई, घाबरून घोटाळा केला. ओरडणारच होतो, पण गुडघ्यावर तुझा हात होता. बर्फासारखा गार, आणि मला दाबून धरलेला. वर पाहिलं तर चेहरा असा, की जणू काही झालंच नाही.

खाली पडून मला नुसते बूट दिसत होते. बूट चुळबुळत होते, सगळ्यांना दिसत होतं, बोलत कुणी नव्हतं. तू पण नाही. आपल्या घरात मी बोलेपर्यंत तू कधी थांबली आहेस का गं? इतकं गप्प राहता येतं माणसाला?

मग मागून ती बारकी पोरगी अडखळत म्हणाली, “मॅडम, जखम दुसऱ्या पायाला आहे.” वाटलं, आता हिची खैर नाही. तू पट्टी तिच्या हातात दिलीस, खांद्यावरच्या ताऱ्यांसकट फरशीवर बसलीस आणि म्हणालीस, “मी पाय धरते, तू बांध.” तिनं सांगायचं, वर धरा. तू धरायचीस. तिनं बांधली ती पट्टी मला घरी येऊन कात्रीनं कापावी लागली.

त्यावर कसली चेष्टा करणार? सुचलीच नाही.

काल काकांनी क्लच कसा बसवायचा ते दाखवलं आणि विचारलं, कळलं? सवयीनं तोंड उघडलं, आणि ‘नाही’ म्हणालो. काका पाना खाली ठेवून माझ्याशेजारी जमिनीवर बसले.

लोभ आहेच, आता जरा धाकही वाटतो.

तुझा,
भोंगा